ओळखीचं बोट

रियाधच्या गोदामात मुबीनने खोक्यांवर लिहायच्या मार्करने डाव्या तर्जनीच्या नखावर रेघ ओढली. गावातल्या नवमतदार पोरांच्या ग्रुपवर फोटो टाकला: "माझं मत टाकून झालं. तुम्ही अजून लोळताय?"

"सौदीत बूथ लागलं काय, मुबीनभाई?" हसत हसत पोरं मतदानाला निघाली.

दुपारी अम्माचा फोन.

"बूथवर म्हणाले, तुमचा मुलगा सकाळीच मत टाकून गेला. मी भांडले. माझा मुबीन परदेशात आहे, त्याचं मत चोरलंत म्हटलं. मग एका पोराने फोटो दाखवला. नखाखालचा वण तुझाच."

"अम्मा, ती गंमत..."

"गावात आलास, आणि घरी नाही आलास?"

"मी इथंच आहे, अम्मा. रियाधला."

"बरं. दार उघडं ठेवलंय."