बसफुगडी

"आई, माझ्या मंगळागौरीला तू खुर्चीत बसून टाळ्या वाजव. खाली बसलीस तर उठवायला क्रेन लागेल," नुकतीच सासरी गेलेली लेक चैत्रातच बजावून गेली.

मला ते झोंबलं. रोज सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून उठाबशा काढायला लागले. पहिल्या दिवशी खाली गेले ती वर येईना. नवरा ओढायला आला, तर तोही बसला. श्रावणापर्यंत ओटा सुटला. वजन मात्र जिथल्या तिथे.

मंगळागौरीला विहीणबाईंनी हसत खुर्ची पुढे केली. मी पदर खोचला, उकिडवी बसले नि त्यांच्यापुढे हात धरले. "या, बसफुगडी घालू!"

पोरी मोजायला लागल्या. दहाव्या उडीपर्यंत गुडघ्यांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या. अकराव्या उडीला विहीणबाईंनी फतकल मारली. मीही धापा टाकत तिथेच बसले.

लेक धावत आली. मला वाटलं, मला उठवायलाच. तिनं सासूला दोन्ही हात दिले आणि माझ्याकडे वळून, हसू दाबत म्हणाली, "तू तुझी ऊठ गं आई, तुला येतं."