हळदीवरची पैज

“दसऱ्यापर्यंत रोज हळदीचं दूध अन् जवसाची चटणी घ्या, वैनी. बोटांची सूज उतरली नाही, तर भर गल्लीत मिशी काढतो!” हळदवाल्या तुकण्णानं शेजारच्या हारवाल्या रखमावैनींशी पैज लावली.

“वस्तऱ्याला धार लावूनच ठेवा!” वैनी खिदळल्या.

गणपतीत तुकण्णा हार न्यायला गेला, तर वैनींना सुई धरवेना. बोटं पार वाकडी झाली होती.

“सुजेवर डॉक्टरांच्या गोळ्या घेत होतात ना?” तुकण्णानं विचारलं.

“पहिल्याच दिवशी बंद केल्या. गोळ्यांनी सूज उतरली असती, तर तुमची हळद जिंकली कशी म्हणायची? पैजेत लबाडी नको, भावजी.”

तुकण्णानं त्यांना दवाखान्यात नेलं. “ही बोटं आता सरळ होणार नाहीत,” डॉक्टर म्हणाले.

दसऱ्याला तुकण्णा गल्लीत पाटावर बसला. मिशी उतरताच सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. हसत हसत वैनीही टाळी वाजवायला गेल्या. तळव्याला तळवा टेकेना.