भरमाण्णांच्या हाताचा गुण

"जीभ दाखव," भरमाण्णा म्हणाले. शेजारच्या अक्काताईनं जीभ दाखवली आणि लगेच आत ओढून घेतली.

"काय होतंय?"

"काय न्हाय. जरा डोसकं चढलंय."

"आनि काय?"

"आनि काय असतंय, अण्णा? द्या गोळी, येतो मी." अण्णांच्या उजव्या कानाकडे चोरून बघत ती उठलीसुद्धा. एरवी ही बाई त्या स्टुलावर बसली की पुढ्यातल्या चहावर साय धरेपर्यंत हलत नसे. गोळी घेऊन ती गेली आणि त्या सकाळी दुसरं कुणी फिरकलं नाही. भरमाण्णांच्या मनाला ते फार लागलं.

वडगावातल्या त्या गल्लीत घरोघरी लूम. अण्णांनी सारी हयात लुमावर साड्या विणण्यात घालवली आणि लुमाच्या खडखडाटानं त्यांचे कान नेले. पुढं लूम मुलाच्या हाती गेला. रिकामा माणूस घरच्यांच्या पायांत येतो, म्हणून त्यांनी बाराक्षारांचं एक पुस्तक आणलं, बारा बाटल्यांची पेटी आणली, दारच्या कट्ट्यावर स्टूल टाकलं आणि ते गल्लीचे वैद्य झाले. पडशाला ही गोळी, जळजळीला ती, झोप उडाली तर तिसरी. साऱ्या पांढऱ्या, साऱ्या गोड. ताप उतरला नाही तर मुकाट्यानं दवाखाना गाठायचा, एवढं मात्र ते प्रत्येकाला बजावत.

ऐकू येत नाही म्हणून त्यांचं काही अडलं नाही. पेशंट बोट ठेवील तिथं दुखतंय असं समजायचं. बाकी पेशंट बोलबोल बोलत असे, अण्णा मान हलवत असत आणि शेवटी गोळी देत असत. रिक्षावाला भावकू तर छातीवर हात ठेवून अर्धा अर्धा तास बोले, डोळे पुशी आणि हसत रिक्षा सुरू करी. अण्णांच्या हाताला गुण आहे, ही गल्लीची खात्री होती. खुद्द अण्णांचीही होतीच.

खात्री नव्हती ती एकट्या बायकोची. सत्यवती त्या गोळ्यांना साबुदाणा म्हणायची आणि तिनं कधी एक गोळी जिभेवर ठेवली नव्हती. नवऱ्याला कळायलाच हवं, तेवढं ती त्याच्या कानाशी येऊन ओरडून सांगे. मग भाकरी थापताना दिवसभर तिचे ओठ आपले हलत असत. बायको देवाचं नाव घेते, असं अण्णा कौतुकानं चारचौघांत सांगत.

यंदाच्या दिवाळीत सुनेनं, मंजुश्रीनं, त्यांच्या कानात यंत्र बसवलं. अण्णांना कुकरची शिट्टी ऐकू आली, कबुतरं ऐकू आली, समोरच्या घरातल्या कन्नड बातम्या ऐकू आल्या. माणूस हरखून गेला. आता आपण खरे डॉक्टर, म्हणत त्यांनी पेशंटांना खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. आणि नेमके तेव्हापासून पेशंट आटले. भावकू रिक्षातूनच हात करू लागला, "बरं हाय, अण्णा!" अक्काताई तेवढी एकदोनदा आली, तीही अशी.

औषधाला ओल लागली असणार, हे अण्णांचं निदान. ते एस्टीनं निपाणीला गेले आणि साऱ्या बाटल्या नव्या घेऊन आले. कुणी आलं नाही. घरात सत्यवतीचं नामस्मरणही बंद पडलं होतं. सगळंच कसं सुनं सुनं झालं होतं. लूम सुटला तेव्हा न आलेलं रडू अण्णांना आता त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून आलं.

"अगं ए," त्यांनी हाक मारली. "ही पेटी उचल आनि टाक माळ्यावर. माझ्या हाताचा गुण गेला."

सत्यवती पिठाचे हात पुसत बाहेर आली. तिनं पेटी उचलली नाही. ती स्टुलावर बसली आणि तिनं जीभ बाहेर काढली.

अण्णा बघतच राहिले. "काय गं, काय झालं?"

"छातीत जळतंय. घशात गोळा आल्यागत हुतंय. रातभर डोळ्याला डोळा न्हाय. त्या अक्काताईचंबी तसंच हाय, भावकूचंबी तसंच."

अण्णांनी सरसावून बसत पुस्तकातले प्रश्न सुरू केले. "तिखट जास्त झालं?"

"न्हाय."

"उपास घडला?"

"न्हाय वो."

"मग कवापास्नं हुतंय ह्ये?"

सत्यवतीनं पदर सारखा केला, गल्लीकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "तुमाला ऐकू याय लागल्यापास्नं."

भरमाण्णांना आधी काहीच उमजलं नाही. मग कानावर अडकलेली अक्काताईची नजर आठवली, भावकूचा लांबूनच हललेला हात आठवला. शेवटी भाकरी थापताना हलणारे ते ओठ आठवले आणि त्यांना पहिल्यांदा राग आला. बायको समोर जीभ चावून बसली होती. तिच्याकडे बघता बघता राग कुठल्या कुठं गेला आणि त्यांना हसू फुटलं.

बाटलीकडे गेलेला त्यांचा हात मध्येच थांबला आणि वर कानाकडे गेला. त्यांनी यंत्र काढलं, कापसात गुंडाळलं आणि पेटीत बाराव्या बाटलीशेजारी ठेवून दिलं. मग ते मांडी ठोकून बसले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आपल्या जुन्या आवाजात म्हणाले,

"हं! आता सांग."