तुमची गादी, तुमची वैरीण

"अगं, हा टाका बघ. हा माझा टाका आहे!"

गादीवाला भर रस्त्यात उभा राहून ओरडला. समोरच्या नव्या दुकानापुढे जुन्या गाद्यांचा ढीग रचला होता आणि त्यावर पाटी खोचली होती, ‘कालपर्यंत माणसं यावर झोपत होती!’ ढिगाच्या अगदी वर त्याने स्वतः भरलेली, स्वतः शिवलेली गादी पडली होती. कोपऱ्यावरचा तो दुहेरी टाका या बाजारात दुसरं कुणी घालत नसे.

"लोक बघतायत. चला," बायको म्हणाली.

"बघू देत!"

वर दोन मजली फलक होता. एक रडवेली बाई, शेजारी ठसठशीत अक्षरं, ‘तुमची गादी तुमची वैरीण आहे!’ खाली ब्लॉगचं नाव, ‘रात्रभर जागी’.

फोम विका, स्प्रिंगा विका, गादीवाल्याची हरकत नव्हती. पण स्वतःचा माल खपवायला दुसऱ्याच्या कष्टांना वैरीण म्हणायचं? आणि लोकांनी ते वाचून माना डोलवायच्या? बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी तो ब्लॉग होता. त्याच्या दुकानात आलेली गिऱ्हाइकं आता गादी बोटाने दाबून विचारत, "यात गाठी होत नाहीत ना?" आयुष्यात त्याला कुणी हे विचारलं नव्हतं. विचारायची आणि समोर जायची. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागायला फार वेळ लागणार नव्हता.

आणि तेही त्याच्यासारख्याच्या दुकानाला! पहिल्या प्रतीचा कापूस गिऱ्हाइकाला, हा त्याचा नियम. घरच्या गादीत उरलंसुरलं आणि जमिनीवर झाडून गोळा केलेलं. याचा त्याला कोण अभिमान. "माझ्या घरी कसली गादी आहे, विचारा हिला," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि बायको मान हलवायची.

संध्याकाळी त्याने बायकोला फोन उघडायला लावला. "वाच. कळू दे तरी काय गरळ ओकलीय."

एरवी बातमी वाचताना अडखळणारी बायको आज सुरळीत वाचत गेली. "‘लग्नापासून मी गाठींवर झोपतेय. कूस बदलली की नवी गाठ. सकाळी पाठ धरून उठायचं. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, वय झालं तुझं. तेव्हा मी पंचविशीत होते.’"

"काय नवरा आहे! असल्या माणसाला चारचौघांत जाब विचारायला हवा."

"विचारायला हवा ना?"

"हवाच! पण असला नवराच नाही आणि असली बाईही नाही. कुणीतरी पगारी कारकून बसवलाय, तो बाई होऊन रडतोय."

"ती गादीला कुठे नावं ठेवते? नवऱ्याला ठेवते."

"एकूण एकच. धंदा आपलाच बुडतोय ना?"

बायकोने फोन पालथा ठेवला आणि ती भांडी घासायला उठली.

दोन दिवसांनी तो बायकोच्या पाठीसाठी मलम आणायला औषधांच्या दुकानात गेला आणि दारातच थबकला. भिंतीवर दंतमंजनाची जाहिरात होती. फलकावरचीच ती बाई, पण इथे बत्तीशी दाखवत हसत होती. त्याने दुकानदाराच्या विनवण्या करून ते पोस्टर मिळवलं आणि जवळजवळ नाचतच घरी आला. मलम राहून गेलं.

"इथे हसते, तिथे रडते! पैसे घेऊन! रविवारी म्हणे ‘रात्रभर जागी’ लिहिणाऱ्या ताई लोकांना भेटणार आहेत. भर सभेत बुरखा फाडतो की नाही बघ. तूही चल. बायको शेजारी असली की माणसाच्या बोलण्याला वजन येतं."

"मी येणारच होते," ती म्हणाली.

त्याला भरून आलं. हल्ली रोज दुपारी ती लेकीकडे जायची आणि टवटवीत होऊन परतायची. आपण इथे काळजीने झुरतोय आणि हिला नातीचे लाड सुचतायत, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. त्याची त्याला आता लाज वाटली.

रविवारी समोरचं दुकान माणसांनी भरून गेलं. गाद्या भिंतीला उभ्या करून खुर्च्या मांडल्या होत्या. टाय लावलेला मालक माइकवरून ‘जागृती’ वगैरे शब्द उच्चारत होता. गादीवाल्याने जेमतेम पाच वाक्यं ऐकली आणि तो उठला.

"थांबवा ही थापेबाजी!" त्याने पोस्टर उलगडून डोक्यावर धरलं. "बघा, ओळखा या बाईला! हिचे दातही पांढरे होतात आणि हिची झोपही उडते! आम्ही हातांनी कापूस पिंजून पोट भरतो, आणि हे खोटी बाई उभी करून आमच्या पोटावर पाय देतात. लाज नाही वाटत?"

कुजबुज वाढली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बायको खाली बघत बसली होती.

मालक मात्र गडबडला नाही. "फोटो विकतचा आहे, कबूल. ताईंना चेहरा दाखवायचा नव्हता. पण शब्द न् शब्द त्यांचा. आम्ही त्यांना छदामही दिलेला नाही."

"मग आणा की समोर! कुठे आहे तुमची ती जागी बाई?"

"इथेच आहेत. आजच तयार झाल्या. या ताई."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. गादीवाल्याचीही. दारातून कुणी आलं नाही.

"हे जरा धरा," बायको त्याला म्हणाली, आपली पिशवी त्याच्या हातात दिली आणि माइककडे निघाली.