मधलीचं मत

दादाने धाकट्याची मानगूट धरून त्याला भिंतीवर आपटलं, तेव्हा मधलीच्या हातात उकळत्या पाण्याचं पातेलं होतं.

"सोडा एकमेकांना. नाहीतर दोघांच्याही अंगावर ओतेन."

ती नुसतं बोलत नाही, हे दोघांना लहानपणापासून ठाऊक होतं. दादाची पकड सुटली. धाकटा ओठावरचं रक्त पुसत हसला.

"ताईचं मत आम्हाला मिळणार, म्हणून याचा जळफळाट."

या निवडणुकीत दादा शिडी चिन्हवाल्यांचा, धाकटा होडीवाल्यांचा. शिडीवाल्यांना कारखाना हवा होता, होडीवाल्यांना नदी. मधलीला दोन्ही हवं होतं. वडिलांनी हे घर कारखान्याच्या पगारावर उभं केलं होतं, आणि त्याच कारखान्याने नदीत सोडलेल्या पाण्याने आईच्या हातांची सालटी निघत होती.

"कारखान्याचं तुझं खरं, दादा. नदीचं याचं खरं," मधली म्हणाली. "पण तुमचे लोक संपवाल्यांची डोकी फोडतात आणि याचे लोक परगावच्या मजुरांची खोपटी पेटवतात. मी शिक्का मारू कुठे?"

"म्हणजे तळ्यात-मळ्यात!" दादा फणकारला.

"मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून लाथा बसतात, ताई," धाकटा म्हणाला.

"या घरात जन्मापासून मधेच उभी आहे मी."

आई कोपऱ्यात बसली होती. ती हातांना तेल चोळत होती.

मधली इस्पितळात प्लास्टर घालायचं काम करायची. निवडणूक लागल्यापासून तिला पाठ टेकायला फुरसत नव्हती. शिडीवाला आणि होडीवाला एकाच बाकावर शेजारी शेजारी कण्हत बसायचे. एकमेकांना शिव्या घालाव्या म्हटलं तर जबडा धड नसायचा. एकाचं मनगट आवळताना तिला कळलं की मतदानाच्या दिवशी शाळेपाशी कोयते निघणार आहेत. दुसऱ्याने बॉम्बचं सांगितलं. शिडीवाल्यांच्या पुढच्या फळीत कोण, तर दादा. होडीवाल्यांच्या? धाकटा.

तिने घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आईने दोघांना जवळ बसवलं, आपल्या गळ्याची शपथ घातली, शेवटी पदर पसरला.

"मी मागे राहिलो तर पोरं काय म्हणतील?" दादा म्हणाला. धाकट्याने तेच सांगितलं, फक्त आवाज चढवून.

त्याच आठवड्यात दादाला मारलं. संध्याकाळी सभेहून परतताना लाकडाच्या वखारीमागे त्याच्या डोक्यावर मागून पोतं पडलं आणि डाव्या पायावर सळईचा घाव बसला. मारणारा चकार शब्द बोलला नाही. शेजाऱ्यांनी दादाला उचलून आणलं तेव्हा मधली दारातच होती. प्लास्टर तिनेच घातलं. दादा दातावर दात दाबून धाकट्याकडे बघत होता.

"तुझ्या माणसांनी केलं हे."

"आईशपथ नाही!"

दादा त्याच्या तोंडावर थुंकला.

रात्रीतून होडीवाल्यांची दोन दुकानं जळाली. मग धाकट्याचा नंबर लागला. नळ बंद करायला तो पहाटे धुक्यात मागच्या गल्लीत गेला, तिथेच त्याला कुणीतरी पोत्यात घेतलं. त्याचाही डावाच पाय गेला. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बघितला. "सरळ मोडलंय. जुळेल लवकर," असं म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळले. पुढचा माणूस कान हातात घेऊन आला होता.

दोघे भाऊ घरी एकाच खोलीत, समोरासमोरच्या खाटांवर पडले. जेवणाची भांडी एकमेकांना फेकून मारण्याइतके हात शाबूत होते.

मतदानाच्या सकाळी मधली लवकर गेली. आडोशामागे ती बराच वेळ उभी राहिली. शिक्का शिडीवर नेला, मागे घेतला. होडीवर नेला, तिथूनही मागे घेतला. बाहेर रांगेत कुरकुर सुरू झाली. तिने चिठ्ठी कोरीच घडी करून पेटीत टाकली आणि ती इस्पितळात कामाला गेली.

दुपारच्या आत शाळेपाशी पहिला बॉम्ब फुटला.

माणसं हातगाड्यांवरून आली. बुटका, धाकट्याचा जिवलग, आला तोच मेलेला. त्याच्या गळ्यात कोयत्याचं पातं तसंच अडकलेलं होतं. दादाच्या तालमीतला पैलवान मात्र अजून जिवंत होता. फाटलेलं पोट त्याने दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. मधलीला बघून त्याचे डोळे चमकले.

"ताई... दादाला सांग. त्याच्या पायाचा सूड घेतला. बुटक्याला मीच..."

तिने त्याच्या पोटावर कापसाचे बोळे दाबले. ते लाल झाले, तसे आणखी दाबले. थोड्या वेळाने डॉक्टरांनी तिचे हात धरून बाजूला केले.

संध्याकाळी ती घरी आली. बातमी आधीच येऊन पोचली होती. दादा भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. धाकटा लंगडी घालत त्याच्या खाटेवर जाऊन बसला होता आणि दादाने त्याचा हात घट्ट धरला होता.

"पाय धड असते तर आज आपण पुढच्या फळीत असतो, दादा."

"ज्याने आपले पाय मोडले," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तो सापडू दे. त्याला मी जिवंत ठेवणार नाही."

"मीही."

मधली स्वयंपाकघरात आली. बुटक्याचं आणि पैलवानाचं रक्त तिच्या कोपरापर्यंत वाळलं होतं. आईने दार लोटलं, तिचे हात पाण्यात घेतले आणि चोळून चोळून धुऊ लागली.

"मत कुणाला दिलंस?"

"कुणालाच नाही."

आईने तिच्या नखांतलं रक्त खरवडून काढलं. मग अगदी हळू आवाजात, दाराकडे बघत म्हणाली,

"पोतं धरलं होतं ना मी, म्हणून सांगते. धाकट्याच्या वेळी सळई मारताना तू डोळे मिटलेस. असं करायचं नसतं, पोरी. गुडघा गेला असता त्याचा."