विसरभोळी

जुन्या गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक बाबांनी अंगणात फतकल मारून स्वतः बदलले. "डोकं धडाला चिकटलंय म्हणून, नाहीतर तेही विसरशील," विसरभोळ्या लेकीला ऐकवत त्यांनी चावी दिली. त्यांच्या नातीला मागे बसवून लेक घाटाच्या दिशेने निघाली. बाबा शीळ घालत हत्यारं आवरू लागले. फडकं झटकलं तर एक स्प्रिंग टणकन फरशीवर पडली. जुनी गंजकी नव्हे, कोरी करकरीत. ती तर ब्रेकमध्ये असायला हवी होती! त्यांनी लगेच लेकीला फोन लावला. तो वाजला घरातच, सोफ्यावर. मुठीतली स्प्रिंग तळव्यात रुतली. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. "ओरडू नका हं बाबा! कोपऱ्यावरून परत आले. फोन विसरले!" बाबांनी तिच्यापुढे फक्त मूठ उघडली.