नोटीस वाचल्यापासून एक महिना

भीमसेनरावांना लेकाकडे कोइंबतूरला राहायला जायचं होतं. तंजावूरची खोली मुदतीआधीच सोडण्याची नोटीस त्यांनी घरमालकीण अंबुजाबाईंना मराठीत लिहून दिली.

"आम्ही मराठी बोलतो हो, वाचतं कोण?" बाई म्हणाल्या. "अन् करार काय सांगतो? आमच्या घरच्या कुणी नोटीस वाचल्यापासून एक महिना. तोवर भाडं चालू."

"मग तमिळमध्ये लिहून देऊ?"

"छे! आपल्या आपल्यात तमिळ कशाला?"

नाइलाजाने भीमसेनरावांनी बाईंच्या नातीला, विनुताला, अक्षरं शिकवायला घेतली. चार महिन्यांत ती गोष्टींची पुस्तकं घडाघडा वाचू लागली. मग त्यांनी तिच्या हातात नोटीस दिली. तिने ती आधी मनातल्या मनात वाचली, मग मोठ्याने सुरुवात केली.

"मी ही खोली..."

"पुढे वाच, बाळ."

"पुढचं अक्षर तुम्ही अजून शिकवलंच नाही, आजोबा."